क्लिपमागची घरघर

भाऊसो मुळीकनं ज्ञानू खबालेच्या थोबाडीत मारली ती सकाळच्या दूध घालायच्या वेळेला, डेअरीच्या पायरीवर, चाळीस-पन्नास माणसांच्या डोळ्यांदेखत. हातात किटल्या घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यात ज्ञानूची बायको बनुबाईही होती. ज्ञानू सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता आणि तिथून सुटल्यावर एकोणीस वर्षं भाऊसोची गाडी चालवत होता. मार बसल्यावर त्यानं खाली पडलेली टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. गाडीची किल्ली पायरीवर ठेवली आणि चालत घरी आला. तोंडातून एक शब्द काढला नाही.

कारण सगळ्या बोरखडीला ठाऊक होतं. तीन दिवसांपूर्वी गावातल्या दूध उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका अनोळखी नंबरावरून आवाजाची क्लिप येऊन पडली होती. सव्वा मिनिटाची. तीत संस्थेचा चेअरमन भाऊसो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. "बायकांच्या मतांची काळजी तू करू नगंस. एकेक डबा वाटला की गप बसत्यात. बाया आन् म्हसरं सारखीच रं, वैरण दिसली की आपल्या पायानं दावणीला येत्यात." आणि मग खदखदून हसणं. संस्थेच्या सहाशे सभासदांत अडीचशेच्या वर बायका होत्या, आणि निवडणूक पाच आठवड्यांवर आली होती.

आपण हे कुठं बोललो ते भाऊसोला आठवत नव्हतं. आठवणार कसं? हे तो ऑफिसात बोलला होता, गाडीत बोलला होता, इस्लामपूरला लग्नाच्या पंगतीत बोलला होता. दर ठिकाणी लोक हसले होते. पोलिसात जायचं तर आवाज आपलाच, हे आधी कबूल करावं लागलं असतं. मग संस्थेचा सचिव रविराज पुढं झाला. हा भाऊसोचा चुलत पुतण्या. त्यानं मोबाईल कानाला लावून क्लिप दहादा ऐकली आणि निकाल दिला.

"मागं बारीक घरघर ऐकू येतीया न्हवं, काका? गाडीचं इंजिन हाय ते. चालू गाडीत बोललाय तुमी. आन् गाडीत तुमच्यासंगं दुसरं कोण असतंय?"

एवढ्या पुराव्यावर ज्ञानूच्या गालावर पाच बोटं उठली.

ज्ञानूची मुलगी शिवांजली इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात होती. देखभाल विभागात तिला चार वर्षं झाली होती आणि तिचं काम मशीनचा आवाज मोजायचं. फिरणाऱ्या प्रत्येक मशीनचा एक ठरलेला सूर असतो. रेकॉर्डिंग घ्यायचं, संगणकावर त्यातले सूर वेगवेगळे मांडायचे आणि सगळ्यांत उंच उभा राहिलेला सूर किती कंपनांचा आहे ते बघायचं. सेकंदाला किती, तो आकडा. त्या आकड्यावरून बेअरिंग गेलंय की पट्टा ढिला झालाय, हे मशीन न उघडता सांगता यायचं. सुरुवातीला फिटर लोक तिला हसायचे. मग तिनं एकदा पंप बंद पडायच्या दोन दिवस आधी सांगितलं, तेव्हापासून हसायचे थांबले.

आईचा फोन आल्यावर ती सुटीचा अर्ज टाकून दुपारच्या गाडीनं गावात आली. ज्ञानू गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होता. गाल अजून लाल होता.

"आबा, तुम्ही केलंय का हे?"

"न्हाई."

"मग तिथंच का नाही सांगितलंत?"

"सायबानं हात उगारल्यावर तोंड उघडायचं नसतंय."

बनुबाई आतून तरातरा बाहेर आली. "फौजंत न्हाईसा आता तुमी! चाळीस बायांसमूर थोबाडीत खाल्लीसा आन् टोपी झटकत बसलासा. मला किटली धरून हुबं ऱ्हावना झालं. आन् मार कशासाठी, तर त्यो आमाला म्हसरं म्हणला म्हणून!"

ज्ञानू बादली उचलून निघून गेला.

शिवांजलीनं आईच्या मोबाईलवरून क्लिप घेतली आणि माळवदावर लॅपटॉप उघडून बसली. आधी तिनं अख्खी क्लिप एकदम मांडली. सगळ्यांत उंच शिखर दीडशेच्या आसपास उभं राहिलं, रुंद आणि वेडंवाकडं. तो भाऊसोचाच गळा होता. त्याचा उपयोग नव्हता. तिला तो गप्प असलेली जागा हवी होती. क्लिप पुन्हा पुन्हा ऐकली तेव्हा अडतिसाव्या सेकंदाला ती सापडली. पलीकडचा माणूस काहीतरी सांगत असावा, आणि भाऊसो सव्वाचार सेकंद नुसता ऐकत होता. तेवढाच तुकडा तिनं कापून घेतला आणि पुन्हा मांडला.

आता पडद्यावर एकच सुई उभी होती. बारीक, सरळ. दोनशे एक्क्याऐंशी. तिच्या दुप्पट आकड्यावर तिचीच एक बुटकी सावली. बाकी सगळं सपाट.

शिवांजलीला हसू आलं, पण ते बरं हसू नव्हतं. इंजिनाचा सूर कधी असा उभा राहत नाही. तो फुगतो, डगमगतो, पायाखाली जरा पेडल दाबलं की सरकतो. ही सुई विजेच्या मोटरीची होती. क्लिपच्या शेवटच्या दहा सेकंदांत तर ती सुई अलगद दोनशे सत्त्याऐंशीवर चढून तिथंच थांबलेली दिसली. मोटरीवरचं ओझं उतरलं की ती अशी जरा जोरात पळते. कुणीतरी मशीनमध्ये काहीतरी घालत होतं, आणि ते संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती डेअरीच्या ऑफिसात गेली. भाऊसो खुर्चीत रेलून चहा पीत होता, शेजारी रविराज. तिला कुणी बस म्हटलं नाही.

"कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेअरमनला शिकवाय आलीस व्हय?" भाऊसो म्हणाला.

"शिकवायला नाही. माझ्या बापाला कशाच्या जोरावर मारलंत, ते तपासायला आले. मागचा आवाज गाडीचा आहे म्हणता ना? मग मला गाडीचा आवाज मोजू द्या."

"आवाज मोजती!" रविराज खिदळला. "फॅट किती लागतीया तेबी बघ."

भाऊसो हसला नाही. कप खाली ठेवून त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "मोज. रविवारी अकरा वाजता संचालकांची बैठक हाय, तितं सगळ्यांसमूर सांग. आन् गाडीचाच निघाला, तर तुझ्या बापानं भाईरच्या पायरीवर नाक घासायचं. हाय कबूल?"

"आणि नाही निघाला, तर तुम्ही काय घासणार?"

भाऊसोच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "गाडी घराकडं हाय," तो म्हणाला. "मोज आन् तोंड काळं कर."

बाहेर पडता पडता तिनं दूध थंड करायच्या टाकीशेजारी मोबाईल धरला. फोनवरही सूर दाखवणारं अ‍ॅप तिनं घालून ठेवलं होतं. टाकीच्या कॉम्प्रेसरचा सूर बरोबर शंभरावर उभा राहिला. हा नव्हे. म्हणजे ऑफिसही नव्हे.

मुळीकांचं घर गावाबाहेर, उसाच्या पट्ट्याला लागून. गाडी स्वयंपाकघराच्या भिंतीलगत पत्र्याखाली उभी होती. गाडी चालवायला ज्ञानूनंच शिवांजलीला शिकवलं होतं, ह्याच गाडीवर. तिनं गाडी चालू केली. नुसती उभी ठेवून मोजली, पेडल दाबून मोजली, एसी लावून मोजली. पडद्यावर जाड ढिगारे उठत होते आणि इकडून तिकडे सरकत होते. सुई कुठंच नव्हती. तिनं इंजिन बंद केलं आणि मोबाईल खिशात ठेवणार, इतक्यात पडद्यावर काहीतरी हललं.

गाडी बंद होती, तरी सुई उभी राहिली होती. दोनशे एक्क्याऐंशी.

तिनं मान वर केली. घरघर स्वयंपाकघराच्या खिडकीतून येत होती. तीन-चार मिनिटं ती तशीच मोबाईल धरून उभी राहिली. मग सुई हलली, वर सरकली आणि दोनशे सत्त्याऐंशीवर जाऊन थांबली.

पायातल्या चपला काढून ती मागच्या दारानं आत गेली. भाऊसोची बायको विजयमाला घरघंटीपुढं उभी होती. कपाटासारखी पांढरी, घरात पीठ दळायची ती मशीन. विजयमालाच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. बाई उंच, हाडापेरानं दणकट. माहेर जतचं. लग्न होऊन आली तेव्हा जिभेवर कानडी होती, म्हणून सासरच्यांनी दोन-तीन वर्षं तिची नक्कल करून करमणूक करून घेतली होती. गावात सगळे तिला वैनीसाहेब म्हणत, पण दारातूनच.

"काय बघतीयास त्या मोबाईलात?" तिनं विचारलं.

"काकी, भाऊसो फोनवर बोलत होते तेव्हा तुम्ही दळत होता."

"मी रोज दळतीया."

"क्लिपमधला मागचा आवाज ह्या घरघंटीचा आहे."

विजयमालानं बटण बंद केलं. घरात एकदम सामसूम झालं. तिनं पदराला हात पुसले आणि शिवांजलीच्या तोंडाकडं बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती, मायाही नव्हती.

"बरं झालं," ती म्हणाली. "कुणाच्या तरी कानात गेलं म्हणायचं."

"तुम्ही टाकलीत ती क्लिप?"

"माह्यारचं जुनं सिमकार्ड हुतं. त्येच्यावरनं." तिनं टेबलाकडं बोट दाखवलं. "चार-पाच दिस झालं, त्यो ह्या टेबलावर बसून ती क्लिप ऐकतुया. माझ्या म्होरं. धा येळा, ईस येळा. ह्येनं केलं का त्येनं केलं, म्हणतुया. आन् मी हितंच दळत असती. त्येच्या मोबाईलात घरघर आन् हितं घरघर. एकदा तरी मान वळवून बघावी का न्हाई? न्हाई. ह्या घरात आवाज कशाचा येतुया, कोण करतंय, त्येला कायच ठावं न्हाई."

"मग तुम्ही सांगायचं होतं ना! माझ्या बापानं मार खाल्ला."

"खाऊ दे."

शिवांजलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"खाऊ दे म्हटलं," विजयमाला पुन्हा म्हणाली, आता एकेक शब्द तोडून. "तुझा बा लय सरळ, न्हवं? दर बेस्तरवारी मिरजंला गाडी कुणाच्या दारात हुबी करत हुता त्यो? अकरा वर्सं. मी इचारलं की, 'सायेब मीटिंगला हाइत, वैनी.' माझ्या डोळ्यात डोळं घालून. त्येला एक बसली. कमीच बसली."

मिरजेचं शिवांजलीला ठाऊक नव्हतं, पण गुरुवारी आबा उशिरा येतात, एवढं तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. आतून राग उसळला, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे कळेना.

"म्हणजे मुद्दाम गप्प बसलात."

"मुद्दाम."

"मी रविवारी बैठकीत सांगणार आहे."

"सांग की. मी कवा नगं म्हटलं? मी माझ्या तोंडानं सांगायची न्हाई, येवढंच. त्येला ऐकू येऊ दे."

"आणि घरी आल्यावर ते तुम्हाला..."

"ते माझं मी बघीन. तू तुझ्या बापाचं बघ, लय आलीस माझी काळजी कराय." तिनं जोंधळ्याचं सूप उचललं आणि घरघंटीत रिकामं केलं. बटण खाली गेलं. पुढचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. शिवांजलीनं दारात उभं राहून दळण संपेपर्यंतचं रेकॉर्डिंग घेतलं. विजयमालानं ते बघितलं आणि पाठ फिरवली.

शनिवारी दुपारी तिनं आई-बापाला समोर बसवून सगळं सांगितलं. मिरजेचंही विचारलं. ज्ञानूनं मान खाली घातली.

"सायबाची खाजगी गोष्ट डायवरच्या तोंडातनं भाईर पडत नसती," तो म्हणाला. "ड्युटी म्हंजी ड्युटी."

"कसली ड्युटी हो?" बनुबाई म्हणाली. "त्या बाईनं इचारलं तवा खोटं बोलायची?"

ज्ञानू शिवांजलीकडं वळला. "उद्या वैनीचं नाव घ्यायचं न्हाई. गाडीचा आवाज न्हाई, येवढं सांग आन् ये. त्यांच्या घरात आग लागंल."

"एवढ्यावर ते ऐकायचे नाहीत, आबा. मग कशाचा, म्हणून विचारणारच."

"तर ऱ्हाऊ दे. थोबाडीत मी खाल्लीया, ती मी पचवीन."

"मला न्हाई पचत," बनुबाई म्हणाली. "शिवा, तू सांग. नावागावासकट सांग."

रविवारी अकराला डेअरीच्या माडीवर आठ संचालक जमले होते. ज्ञानू वर आलाच नाही, खाली पायरीशेजारी उभा राहिला. शिवांजलीनं टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि भाऊसोच्या बाजूला वळवला. आधी तिनं गाडीचा आवाज लावला, त्याचे ढिगारे दाखवले. मग क्लिपमधला सव्वाचार सेकंदांचा तुकडा आणि त्याची सुई.

"हे ढीग आणि ही सुई. एक मशीन असूच शकत नाही. हवं तर कुठल्याही इंजिनिअरला बोलवा. गाडीचा आवाज नाही हा, आणि माझ्या बापाचा ह्यात संबंध नाही."

एक-दोघांनी माना डोलावल्या. रविराज खवळून उठला. "कायबी रेघोट्या दाखवतीस! न्हाई गाडीचा, तर मग कशाचा हाय?"

शिवांजली थांबली. खिडकीतून खाली ज्ञानूची टोपी दिसत होती.

"सांग की," भाऊसो म्हणाला. त्याला वाटलं ती पेचात सापडली. "का अडकलं? कशाचा हाय?"

"तुमच्या स्वयंपाकघरातल्या घरघंटीचा."

तिनं दुसरं रेकॉर्डिंग लावलं. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. दोनशे एक्क्याऐंशीवर सुई, तिच्यावर सुई. दळण संपलं तिथं दोनशे सत्त्याऐंशी, पुन्हा एकावर एक. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातले म्हातारे संचालक उगाचच तांब्यातलं पाणी ओतून घेऊ लागले.

"पुन्हा लाव," भाऊसो म्हणाला.

तिनं लावलं. ह्या वेळी त्यानं डोळे मिटून ऐकलं. स्वतःचं वाक्य ऐकून ह्या आठ दिवसांत त्याच्या तोंडावर जो संताप यायचा, तो आला नाही. तो वाक्य ऐकतच नव्हता, मागचं ऐकत होता. खालचा ओठ जरासा सुटला. मग त्यानं डोळे उघडले आणि पंजानं लॅपटॉपचं झाकण दाबून बंद केलं.

"सगळ्यांनी खाली जावा. ही थांबंल. ज्ञानूला वर बोलवा."

संचालक उतरले. ज्ञानू वर येऊन दाराशी उभा राहिला, हात मागं बांधून. भाऊसोनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो शिवांजलीशी बोलला, आणि एकदम गोड आवाजात.

"हे बघ पोरी. आजकाल एआयनं कुणाचाबी आवाज काढत्यात. सगळ्या जगाला ठावं हाय. तू शिकलेली हायस, इंजिनिअर हायस. लिहून दे, की मी तपासलं, क्लिप बनावट हाय, यंत्रावर तयार केलीया. घरघंटीचा इषय ह्या खोलीतच संपला. ज्ञानू उद्यापासनं गाडीवर. मी पायरीवर हुबा ऱ्हाऊन, माईक घिऊन त्येची माफी मागतो. अख्ख्या गावासमूर."

रविराजनं तोवर संस्थेच्या कागदावर मजकूर लिहायला घेतलाही होता.

"शिवा," ज्ञानू म्हणाला. "सही कर."

तिनं वळून बापाकडं बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर उजेड आला होता.

"आबा, हे खोटं आहे."

"सायेब माफी मागत्यात. आनि काय पायजे तुला?"

"खोटं आहे म्हणतेय मी! आवाज ह्यांचा, घर ह्यांचं, वाक्य ह्यांचं. आईला, शेजारच्या भामाबाईला, सगळ्यांना म्हसरं म्हटलं ते ह्यांनीच. मी नाही सही करणार."

"मग नीघ," भाऊसो म्हणाला. आवाजातला गोडवा पुसल्यासारखा गेला. "नीघ हितनं. आन् तुझ्या कारखान्यातबी माझी वळख हाय, ध्यानात ठेव."

रविराजनं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला, पण असा जोरात की तो टेबलावरून खाली फरशीवर आपटला आणि झाकण बिजागरीतून निसटलं. शिवांजलीनं खाली बसून तुकडे गोळा केले. ज्ञानू दाराशीच उभा राहिला. मदतीला वाकला नाही.

त्या दिवशी मुळीकांच्या घरात काय झालं ते कुणाला कळलं नाही. आरडाओरडा ऐकला असं शेजारची शेतं असलेले लोक म्हणत, पण काय ते कुणी सांगू शकलं नाही. सोमवारी सकाळी मात्र बोरखडीनं एक गोष्ट बघितली. मुळीकांचं दूध रोज गडी घेऊन यायचा. त्या दिवशी किटली घेऊन स्वतः विजयमाला आली आणि बायकांच्या रांगेत शेवटाला उभी राहिली. डाव्या मनगटाला कापड गुंडाळलं होतं. भामाबाई पुढं जा म्हणून बाजूला झाली, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. नंबर आल्यावर तिनं किटली मापाच्या टेबलावर दणकन ठेवली.

"काकी, तुमी कशाला..." रविराज उठलाच.

"ती क्लिप मी टाकलीया," विजयमाला म्हणाली. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "यंत्रानं न्हाई, बिंत्रानं न्हाई. माझ्या घरात, माझ्यासमूर बोलला, मी धरला. ज्ञानूचा ह्यात काय संबंध न्हाई. त्येचं आन् माझं भांडाण दुसरं हाय, ते मी मिटवलेलं न्हाई." मग रविराजकडं वळून, "लिव्ह दूध. सात लिटर."

बनुबाई रांगेतच होती. घरी येऊन तिनं हे शब्दन् शब्द ज्ञानूला ऐकवलं. शेवटचं वाक्य तर दोनदा. ज्ञानूनं ते ऐकलं आणि गोठ्यात जाऊन बसला.

भाऊसोनं तरीही पत्रकं छापलीच. इस्लामपूरच्या कुणा संगणकवाल्याची सही घेतली, क्लिप बनावट असल्याची. पत्रकं घरोघर गेली. बायकांनी घेतली. मतदानाला बायका एवढ्या आल्या की रांग डेअरीच्या मागं उसापर्यंत गेली. भाऊसो त्रेसष्ट मतांनी पडला. त्याच्या पॅनेलच्या मात्र अकरापैकी सात जागा आल्या आणि चेअरमनच्या खुर्चीत रविराज बसला. पहिल्याच बैठकीत त्यानं काकांचे आभार मानले. म्हणतात की काका त्या दिवशी घराबाहेर पडला नव्हता. नवरा-बायको अजून एकाच घरात राहतात. ती वरच्या खोलीत, तो खाली. बोलणं नाही.

माफी ज्ञानूला मिळाली नाही. ती मागायचं कुणाला सुचलंही नाही. त्याला इस्लामपूरच्या एका शाळेची बस चालवायला मिळाली. शिवांजलीला कारखान्यातून काढलं नाही, पण तिची बदली गोदामाकडं झाली. तिथं मोजायला एकही मशीन नव्हती, फक्त पोती होती. चार महिन्यांनी एक मोठी टर्बाईन अडली, तेव्हा तिला परत बोलावलं. तिनं कारखान्याजवळच खोली घेतली. ज्ञानूनं फोन केला नाही, तिनंही नाही.

पाडव्याला आईनं बळंच बोलावलं म्हणून ती गेली. तिघं जेवायला बसली. अर्धं जेवण झाल्यावर ज्ञानू ताटाकडं बघतच म्हणाला, "तू खरं बोललीस, ते मी न्हाई म्हणत न्हाई. पर मला इचारलं न्हाईस. मार माझा हुता."

"आईचाही होता, आबा. आणि बैठकीआधी मी तुमच्याशी बोलले होते. तुम्ही सही कर म्हणालात."

"व्हय. म्हणालो." त्यानं ताटात हात धुतला. "अजूनबी म्हणंन."

"मीही अजून नाहीच म्हणेन."

बनुबाईनं दोघांकडं बघितलं आणि भाताचं पातेलं पुढं ओढलं. ज्ञानू उठून ओसरीवर गेला. थोड्या वेळानं तिथूनच त्यानं विचारलं की पाचची इस्लामपूर गाडी हल्ली वेळेवर येते का. शिवांजलीनं येते म्हणून सांगितलं. तिनं आपलं ताट विसळलं, आईच्या पाया पडली आणि स्टँडकडं निघाली.